शाहीर अमुक 'आणि संच'

मागच्या आठवड्यात माझ्याकडे दोन पाहुणे येऊन गेले. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण दोघांनी मिळून डोक्यात जो भुंगा सोडला तो काही जात नाही, म्हणून ही पोस्ट. लांब आहे. जेवणं झाल्यावर निवांत वाचा.

पहिला पाहुणा म्हणजे माझा भाचा. पुण्याला नोकरीला आहे, दिवाळीला आला होता. चहा पिता पिता म्हणाला, "मामा, डिसेंबरात गोव्याला चाललो मित्रांसोबत. समुद्राकाठी म्युझिक फेस्टिव्हल आहे." मी म्हटलं, "दोन दिवस थांब ना, मंडई पाहून जा." तर हसला. म्हणे, "मंडईत काय आहे मामा? तिथे इंडिपेंडंट म्युझिक असतं."

मी विचारलं, "इंडिपेंडंट म्हणजे काय रे बुवा?"

तो म्हणाला, "म्हणजे सिनेमाचं नाही, मोठ्या कंपनीचं नाही. आपलं गाणं आपणच लिहायचं, आपणच चाल लावायची, आपणच गायचं. लोक मैदानात उभे राहून ऐकतात. रात्र रात्र चालते." मग त्याने मोबाईलवर एका फेस्टिव्हलचं पोस्टर दाखवलं. वर मोठ्या अक्षरात मोठी नावं, खाली लहान होत होत तीस-चाळीस नावं. "यात सगळ्यांची नावं असतात. भर दुपारी पंधरा माणसांसमोर वाजवणाऱ्या पोराचंही नाव असते, बारीक अक्षरात का होईना."

हे त्याचं शेवटचं वाक्य लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

दुसरे पाहुणे दोन दिवसांनी आले. सत्तरीच्या घरातले. खांद्यावर दुपट्टा, हातात कापडी पिशवी, सायकल दारात लावलेली. "पेपरवाले भाऊ तुमीच ना जी?" म्हटलं हो, बसा. पिशवीतून आधार कार्ड, पासबुक, फोटो असं एकेक काढत म्हणाले, "वृद्ध कलावंत मानधनाचा फारम भरतो म्हनलं. कलेचा पुरावा मांगते. पेपरातलं कटिंग चालते म्हनते. तुमी तं आमच्या गावची मंडई दरसाल पेपरात देता. माजं नाव असनच कुठीतरी."

"काय करत होते तुम्ही बाबाजी?"

"गंमतीत नाच्या होतो जी. तीस-पस्तीस वर्सं."

मी म्हटलं पाहतो. जुने अंक, कात्रणं माळ्यावर बांधून ठेवलेली आहेत. दोन दिवसांनी या. ते गेले आणि मी गठ्ठे सोडायला बसलो. त्यात काय सापडलं ते शेवटी सांगतो. आधी थोडा इतिहास, कारण त्याशिवाय या कात्रणाची किंमत कळणार नाही.

*

भाचा ज्याला फेस्टिव्हल म्हणतो तो प्रकार आपल्याकडे फार जुना नाही. गोव्यात कांदोळीच्या किनाऱ्यावर सनबर्न सुरू झाला तो २००७ च्या डिसेंबरात. तिथे इलेक्ट्रॉनिक संगीत. स्वतःची गाणी करणाऱ्या बँडवाल्या पोरांसाठी पुण्यात वीकेंडर सुरू झाला तो २०१० साली. जगात पाहिलं तर अमेरिकेतलं वुडस्टॉक १९६९ चं, इंग्लंडमधलं ग्लास्टनबरी १९७० चं.

या शेवटच्या दोघांची एक गंमत आहे. वुडस्टॉक भरलं ते एका दूधवाल्या शेतकऱ्याच्या रानात, त्याचं नाव मॅक्स यासगर. ग्लास्टनबरीही भरलं ते मायकेल इव्हिस नावाच्या दूधवाल्याच्याच शेतावर. पहिल्या वर्षी तिकीट एक पौंड, आणि त्या एका पौंडात शेतावरचं दूध फुकट. म्हणजे साऱ्या जगातली पोरं ज्यांची नावं घेतात ते दोन्ही उत्सव गाईंच्या गोठ्यापाशी सुरू झाले.

आता आपल्याकडे पाहा. मंडईची सुरुवात कुठून होते? गाईपासूनच. पाडव्याच्या दिवशी, म्हणजे बलिप्रतिपदेला, गावच्या आखरावर गायगोधन असतं. गाई धुवून, शिंगं रंगवून, गळ्यात माळा घालून आणतात. शेणाचं गोधन मांडतात आणि त्यावरून गाई जातात. गोवारी बांधव ढाल घेऊन निघतात, बासरी आणि डफाच्या तालावर नाचतात, घरोघरी जाऊन गातात. वर्षभर गावाची गुरं राखणाऱ्या माणसाचा हा मानाचा दिवस. त्या दिवशी पाटलाच्या दारातही तो गात जातो, मागत नाही. त्याचा हक्क असतो.

(रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर चार खंड काढले, त्यात गोवारींवर वेगळं टिपण आहे. पण आमच्या पिढीला गोवारी म्हटलं की २३ नोव्हेंबर १९९४ आठवते. नागपूरला विधानभवनावर गेलेल्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ माणसं गेली. दिवाळीचा महिना होता तो. ज्यांनी गावोगावी ढाल नाचवली असेल, त्यांच्यातलेच होते ते. हे विसरून मंडईचा इतिहास सांगता येत नाही, म्हणून कंसात का होईना सांगितलं.)

*

गायगोधन झालं की मंडया सुरू. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, मंडई म्हणजे इथे भाजीबाजार नव्हे. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूरच्या पूर्वेकडचा भाग म्हणजे झाडीपट्टी. या पट्ट्यात दिवाळीनंतर गावोगावी भरणारी एक दिवसाची जत्रा म्हणजे मंडई. आज एका गावची, उद्या शेजारच्या गावची, परवा तिसऱ्या गावची. दिवस ठरलेले असतात. एकाच दिवशी दोन शेजारगावांनी मंडई धरली तर पाहुणेही वाटले जातात आणि दुकानदारही, म्हणून हे जुन्यांनी आपसात बसवून ठेवलेलं गणित आहे.

वेळ कशी निवडली पाहा. हलका धान कापून झालेला असतो, हातात चार पैसे आलेले असतात. भारी धान अजून बांधीत उभा असतो, म्हणजे कामातून थोडी उसंत. तलावातले शिंगाडे निघालेले असतात. ढिवरबाया टोपल्या भरून उकडलेले शिंगाडे घेऊन बसतात. ऊस, मुरमुरे, जिलेबी, भजी, पानाचे ठेले, बांगड्या, फुगे. लेकी माहेरी आलेल्या. जावई, व्याही, सोयरे असे प्रत्येक घरी पाच-दहा पाहुणे. पोरगा-पोरगी दाखवण्याचे कार्यक्रम वेगळे करावे लागत नव्हते, मंडईतच "ती पाहा, हिरव्या साडीवाली" असं म्हणून काम व्हायचं. आपल्या भागातल्या किती सोयरिकी मंडईत जुळल्या याचा हिशोब कोणी ठेवला नाही.

आणि या सगळ्याच्या मधोमध गाणं. दिवसा दंडार किंवा खडी गंमत, रात्री नाटक. ढोबळमानाने सांगायचं तर तुमसर-मोहाडीकडे गंमतीचा जोर, लाखांदूर-पवनीकडे नाटकाचा. साकोली-लाखनीकडे दोन्ही.

पैसा कुठून येतो? गावातून. दिवाळीच्या आधी बैठक बसते, समिती होते, घरटी वर्गणी ठरते. पूर्वी वर्गणी पैशात कमी आणि धानात जास्त यायची, पायलीने मोजून. त्यातून गंमतीच्या पार्टीला इसार द्यायचा. पार्टीची उतरण्याची सोय शाळेच्या वऱ्हांड्यात नाहीतर देवळात, जेवण घराघरातून. सरकारी अनुदान नाही, जाहिरातदार नाही, तिकीट नाही. भाच्याला मी हे सांगितलं तेव्हा तो पहिल्यांदा गप्प झाला. म्हटलं, "आता सांग, इंडिपेंडंट कोण?"

*

खडी गंमत म्हणजे उभ्याने केलेला खेळ. शाहीर, त्याच्या मागे साथ धरणारे झिलकरी, ढोलकी, चोणका, तुणतुणं, टाळ, पुढे पेटीही आली. आणि एक किंवा दोन नाचे. म्हणजे साडी नेसून, बांगड्या भरून बाईचं काम करणारे पुरुष. गण होतो, मग गवळण, मग लावण्या, बतावणी आणि मग एखादा प्रसंग. संहिता लिहिलेली नसते. गोष्ट सगळ्यांना ठाऊक, संवाद तिथल्या तिथे.

दुय्यम गंमत असली तर मग विचारूच नका. दोन शाहीर समोरासमोर. एकाने सवाल टाकायचा, दुसऱ्याने त्याच चालीत जवाब द्यायचा. कलगीवाला शक्तीची बाजू घेणार, तुऱ्यावाला शिवाची. रामायण-महाभारतातलं कुठलं तरी आडवळणाचं नाव काढून कोडं घालायचं आणि समोरचा अडला की लोकांनी आरोळ्या ठोकायच्या. शाळेची पायरी न चढलेली माणसं पुराणातले दाखले तोंडपाठ द्यायची. लहानपणी मी आजोबांच्या खांद्यावर बसून हे पाहिलंय. अर्धं कळत नव्हतं, पण कोण हरतंय हे कळायचं.

आणखी एक. बतावणीत शाहीर कोणालाही सोडत नसे. सावकार, पाटील, तलाठी, ठाणेदार, पुढारी. ज्या पाटलाने सगळ्यात जास्त वर्गणी दिली तो पुढच्या बाजेवर बसलेला असायचा आणि त्याच्याच कंजूषपणावर गंमत चाललेली असायची. त्याला हसावंच लागायचं, कारण सारं गाव हसत असायचं. गावाच्या वर्गणीचा हा फायदा होता. शाहीर एका कोणाचं देणं लागत नव्हता.

काळ बदलला तशी गाणीही बदलली. १९५४ साली भंडाऱ्याच्या लोकसभा पोटनिवडणुकीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे होते. ते पडले. त्याची खंत या जिल्ह्याला आजही आहे. दोन वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ ला, नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि गावोगावच्या गाणाऱ्यांच्या तोंडी नवा विषय आला. भीमगीतं आली, कव्वालीचे मुकाबले आले. मंडईच्या मैदानात हेही सामावलं. कोणी वरून फर्मान काढलं नव्हतं. लोकांना जे ऐकायचं होतं ते आलं.

*

रात्रीच्या नाटकाची गोष्ट वेगळी आणि मोठी आहे. दंडारीतून नाटक कसं निघालं यावर साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकर सरांनी आयुष्यभर काम केलं आहे. 'झाडीपट्टीची दंडार' हे त्यांचं पुस्तक. झाडीबोलीला बोली म्हणून मान मिळवून देण्यातही त्यांचाच मोठा वाटा. ज्या माणसांनी आपलं काही लिहून ठेवलं, अशांची यादी करायला घेतली तर ती बोरकर सरांपासून सुरू होते आणि दुर्दैवाने फार लांब जात नाही.

नाटकाचं केंद्र म्हणजे गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा, म्हणजेच देसाईगंज. दिवाळीच्या आधीच तिथे नाटक कंपन्यांची कार्यालयं उघडतात, गावोगावचे मंडळवाले जाऊन तारखा घेतात. गुलाबी-पिवळी पत्रकं छापली जातात, त्यावर नाटकाचं नाव आणि खाली 'अर्थात' म्हणून दुसरं नाव. मंडळ ठरावीक रकमेला प्रयोग घेतं आणि गावात तिकीट लावतं. उरलेल्या पैशातून कुठे शाळेची भिंत, कुठे देवळाचा सभामंडप. दिवाळीपासून होळीच्या आसपासपर्यंत हा हंगाम. कलाकार, वादक, पडदेवाले, लाईटवाले, गाडीवाले अशा कितीतरी चुली त्यावर पेटतात. २०२३ साली याच रंगभूमीच्या परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा झाडीपट्टीत घराघरात आनंद झाला. शेकडो भूमिका, हजारो प्रयोग केलेला माणूस. दिल्लीला ते नाव पोचायला किती वर्षं लागली, हेही त्याच दिवशी कळलं.

आता तुलना करा. पश्चिम महाराष्ट्राच्या तमाशाला थिएटरं मिळाली, सिनेमा मिळाला. 'सांगत्ये ऐका' १९५९ चा, 'पिंजरा' १९७२ चा. पठ्ठे बापूराव, विठाबाई नारायणगावकर ही नावं शाळेतल्या पोराला माहीत असतात. आपला जिल्हा तेव्हा वेगळ्याच वाटेवर होता. १९५६ पर्यंत आपण आधी मध्य प्रांतात आणि मग मध्य प्रदेशात, राजधानी नागपूर. मग मुंबई राज्यात, मग १९६० ला महाराष्ट्रात. पुण्या-मुंबईच्या लिहिणाऱ्यांनी लोककलांची यादी केली तेव्हा आपली गंमत आखरावरच उभी होती. २०१० च्या पहिल्या दिवशी 'नटरंग' लागला. नाच्याची गोष्ट. आपल्याकडची माणसं तो पाहून डोळे पुसत बाहेर आली. आपल्याच गावचा नाच्या दुसऱ्या दिवशी रोवण्या-कापण्याच्या मजुरीला जातो, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. माझ्याही नाही.

*

२००० सालापासून मंडईला धक्के कमी बसले नाहीत.

पहिला धक्का रात्रीला. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकर बंद. २००५ साली सुप्रीम कोर्टाने त्यावर पक्की मोहोर उमटवली. राज्य सरकारला वर्षात जास्तीत जास्त पंधरा दिवस सूट देता येते, तीही रात्री बारापर्यंतच. आणि आपलं नाटक? जेवणं आटोपून माणसं येऊन बसतात तोच दहा-अकरा वाजतात, भैरवी व्हायला पहाट होते. नियम चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. डीजेच्या भिंतीसमोर ज्याच्या घरी आजारी माणूस आहे त्याला विचारा. पण डीजे आणि नाटक एकाच मापाने मोजलं गेलं, आणि परवानगीच्या कागदासाठी दरवर्षी समितीची धावपळ सुरू झाली.

दुसरा धक्का शंकरपटाचा. दिवसा पट, रात्री नाटक अशी अनेक गावांची रीत. ७ मे २०१४ ला सुप्रीम कोर्टाने बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली. पट थांबला की पटाच्या निमित्ताने येणारा पाहुणा थांबला, आणि पाहुणा नाही तर नाटक कोणासाठी घ्यायचं? डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी आली, मे २०२३ मध्ये घटनापीठाने कायदा मान्य केला. पट पुन्हा सुरू झाले, पण मधली सात वर्षं गेली ती गेलीच.

तिसरा धक्का २०२० चा. करोनामुळे त्या दिवाळीनंतर बहुतेक गावांत मंडई भरलीच नाही. हंगामावर जगणाऱ्या कलाकाराला एक हंगाम जाणं म्हणजे वर्ष जाणं.

हे तिन्ही धक्के बाहेरून आले. त्यातून मंडई उठून उभी राहिली. यंदाही गावोगावी गर्दी आहे, जाऊन पाहा. पण चौथा धक्का आतून आहे आणि त्यात माझाही हात आहे.

तो असा. वर्गणी गोळा करणं जिवावर येऊ लागलं. मग कोणी म्हणालं, अमुक साहेबांकडे जाऊ, ते देतात. साहेबांनी दिले. साहेब सगळ्याच पक्षांचे असतात, हे आधीच सांगतो, म्हणजे कोणी अंगावर ओढून घेऊ नये. साहेबांनी दिले म्हणजे उद्घाटक साहेब. मग त्यांच्या विरोधातल्या साहेबांनाही बोलवावं लागतं, ते सहउद्घाटक. मग अध्यक्ष, दीपप्रज्वलक, प्रमुख अतिथी, विशेष अतिथी. मंडईचं पत्रक हातात घ्या आणि नावं मोजा. पन्नास नावं पाहुण्यांची. सगळ्यात खाली एक ओळ : "खडी गंमत, शाहीर अमुक अमुक आणि संच."

आणि संच. या दोन शब्दांत ढोलकीवाला गेला, चोणकेवाला गेला, झिलकरी गेले, नाच्या गेला.

भाच्याने दाखवलेलं पोस्टर आठवा. तिथे गाणाऱ्याचं नाव बारीक अक्षरात का होईना असते, आणि पैसे देणाऱ्याचं खाली कोपऱ्यात. आपल्याकडे उलटं.

आणि जिथे पैसा साहेबांचा, तिथे बतावणीत साहेबांची टिंगल कोण करणार? मी गेल्या काही वर्षांत अशा मंडईत बसून पाहिलं आहे. शाहीर सुरुवातीलाच साहेबांवर दोन कडवी जोडून गातो. त्याला दोष देत नाही. त्यालाही पुढच्या वर्षीची सुपारी पाहिजे. पण पाटलासमोर पाटलाची टिंगल करणारी ती गंमत राहिली नाही, एवढं खरं.

*

आता माझं कात्रण.

दोन रात्री बसून गठ्ठे पाहिले. पत्रकारितेचा डिप्लोमा करून मी बातम्या द्यायला लागलो तेव्हापासूनचे. मंडईची बातमी दरसालची. बाबाजींच्या गावचीही होती, एका वर्षाची नाही, अनेक वर्षांची. सगळ्या एकाच साच्यातल्या. "येथे मंडईनिमित्त विविध सांस्कृतिक कार्यक्रमांचे आयोजन करण्यात आले होते. उद्घाटन अमुक यांच्या हस्ते झाले. यावेळी प्रामुख्याने..." आणि मग पंधरा-वीस नावं. शेवटी "गावकरी मोठ्या संख्येने उपस्थित होते." पत्रकात निदान शाहिराचं नाव तरी असते. माझ्या बातमीत तेही नाही. एका ठिकाणी एवढं सापडलं : "खडी गंमतीच्या कलावंतांनी रसिकांची मने जिंकली." कलावंतांनी. कोणी? ते मी लिहिलं नाही.

का लिहिलं नाही? खोटं कशाला बोलू. ज्यांची नावं छापायची ते अंक घेतात, वाढदिवसाच्या जाहिराती देतात. जागा दोन कॉलम, नावं वीस. शाहिराचं नाव टाकलं असतं तर एका पाहुण्याचं कापावं लागलं असतं, आणि त्या पाहुण्याचा सकाळी फोन आला असता. शाहिराचा फोन कधी येत नाही. नाच्याचा तर नाहीच.

एका बातमीसोबत फोटो होता. मैदानात टेबल, त्यावर समई, पाहुणे वाकलेले. मागे ढोलकी धरून एक जण उभा, आणि त्याच्या बाजूला हिरव्या साडीतलं कोणीतरी. अर्धा चेहरा पाहुण्याच्या खांद्याआड.

बाबाजी आले तेव्हा तो अंक पुढे ठेवला. चष्मा नाकावर सरकवून बराच वेळ पाहत राहिले. मग बोट ठेवून म्हणाले, "हा मीच हावो जी." खूश झाले होते. मग खालच्या ओळी वाचल्या. पाहुण्यांची नावं बोटाने एकेक करत शेवटपर्यंत गेले. पुन्हा वरून सुरू केलं. मग म्हणाले, "नाव नाई ना."

मी म्हटलं, "नाही बाबाजी. चुकलंच."

"असू द्या. तुमाले कोनी सांगतलं नसन." असं म्हणून तेच माझी समजूत काढायला लागले. त्याचं जास्त वाईट वाटलं. मी विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं. मी दहा पावलांवर खुर्चीत बसून पाहुण्यांची नावं लिहून घेत होतो.

त्यांना मी माझ्या सहीने लिहून दिलं आहे की यांना मी अमुक वर्षांपासून गंमतीत काम करताना पाहिलं आहे. ते चालेल की नाही, कागद मंजूर करणारे ठरवतील. मानधनाची योजना चांगलीच आहे. पुरावा मागतात त्यातही चूक नाही, नाहीतर भलतेच लोक कलावंत होऊन बसतील. पण ज्या कलेची संहिता लिहिलेली नाही, जिचं तिकीट नाही, जिच्या पत्रकात 'आणि संच' लिहिलेलं आहे, तिच्या कलावंताने पुरावा आणायचा कुठून? तो पुरावा तयार करण्याचं काम आपलं होतं. समितीचं, पेपरवाल्याचं, गावाचं. ते आपण केलं नाही.

*

आता मुद्द्याचं. मंडयांचे दिवस सुरू आहेत. अजून कितीतरी गावांच्या मंडया व्हायच्या आहेत. मोठं काही मागत नाही.

एक, मंडई समितीच्या भावांनो, पुढच्या पत्रकात 'आणि संच' काढून टाका. संचात दहा-बारा माणसं असतात. त्यांची नावं, गाव, कोण काय वाजवतो, हे छापा. पाहुण्यांची पन्नास बसतात तर ही दहा बसतील.

दोन, ज्या वहीत वर्गणी लिहिता त्याच वहीच्या मागच्या पानावर दरसाल गंमत, दंडार, नाटक करणाऱ्यांची नावं तारखेसह लिहा आणि सरपंचाची सही घ्या. उद्या तोच पुरावा होईल. जुन्या वह्या असतील तर रद्दीत घालू नका.

तीन, पोरांनो, तुम्ही मोबाईलवर व्हिडिओ काढता. चांगली गोष्ट आहे. त्याखाली "आमच्या गावची मंडई" एवढंच न लिहिता, गाणाऱ्याला जाऊन नाव विचारा आणि ते लिहा. दोन मिनिटांचं काम आहे.

चार, आम्हा पेपरवाल्यांसाठी. मी माझ्यापुरतं ठरवलं आहे की यंदापासून मंडईची बातमी शाहिराच्या नावाने सुरू होईल. पाहुण्यांची नावं जागा उरली तर. फोन येतील, येऊ द्या.

भाचा अखेर दोन दिवस थांबला. एका मंडईत त्याला घेऊन गेलो. ढोलकीवाला साठीचा होता, पण हात असा चालत होता की पोरगं मोबाईल खाली करून नुसतंच ऐकत राहिलं. खेळ संपल्यावर म्हणाला, "मामा, हे कोण होते?" मी समितीच्या अध्यक्षाला विचारलं. त्याने पत्रक काढून पाहिलं. शाहिराचं नाव होतं. मग आम्ही तिघेही शाळेच्या वऱ्हांड्यात गेलो, जिथे पार्टी चहा पीत बसली होती, आणि एकेकाला विचारून नावं लिहून घेतली. अकरा निघाली.

भाचा गोव्यालाही जाईल. जाऊ दे, तिथलंही ऐकून येऊ दे.

तुमच्या गावच्या मंडईत कोण गात होतं, कोण ढोलकीवर होतं, कोण नाच्या होता, आठवत असेल तर खाली लिहा. नाव, गाव, साधारण कोणती वर्षं. त्या व्यक्तीला किंवा घरच्यांना चालत असेल तरच लिहा. मी एक वही घातली आहे. पहिल्या पानावर बाबाजींचं नाव आहे.